पॉलिसीतली न बोलण्याची अट

धारवाडच्या ज्या ऑफिसात मी आर्किटेक्ट म्हणून बरीच वर्षं नोकरी केली, ते सोडताना सरांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. जागा कुठं घेतलीस आणि विमा काढलास का. जागेचं उत्तर माझ्याकडं होतं. विम्याचं ऐकून मला वाटलं, ते माझ्या तब्येतीबद्दल विचारतायत. मी म्हटलं, आईनं माझ्या नावानं कधीच काढून ठेवलाय. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तो नाही. इथं होतीस तोवर ड्रॉइंगवर माझी सही होती. काही झालं असतं तर मला धरलं असतं. आता तुला धरतील."

मी पाटीचा, प्रिंटरचा, टेबलाचा, खिडकीच्या पडद्याचासुद्धा विचार केला होता. आपण काढलेल्या रेषांवरून उद्या कुणी आपल्याला कोर्टात उभं करील, हा विचार मात्र एकदाही मनात आला नव्हता. सरांच्या ऑफिसात कुणाची तरी चूक कुणाच्या तरी नजरेत यायची. जेवताना डबे उघडले की एखादा म्हणायचा, तुझ्या त्या जिन्याखाली डोकं आपटणार बघ. मग हात धुवून आम्ही परत ते ड्रॉइंग उघडायचो. नोकरीतलं हे सुख नोकरी सुटेपर्यंत मला कळलं नव्हतं.

माझी जागा हुबळीत, कोप्पीकर रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. एकच खोली. मला सोबत नको होती असं नाही, पण माणूस ठेवण्याइतकं काम नव्हतं. सकाळी कुलूप उघडायचं, खिडकी उघडायची, रस्त्यावरचा आवाज आत घ्यायचा. दुपारी डबा उघडताना सवयीनं टेबलावरचे कागद सरकवून आणखी एका माणसापुरती जागा करायचे, आणि मग एकटीच जेवायचे. वडील जाऊन बराच काळ झाला होता, त्यांचं दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकानही विकलं गेलं होतं. आई भावाकडं सांगलीला असायची. संध्याकाळी तिचा फोन यायचा. ती विचारायची, आज कोण आलं होतं का. मी रोज काहीतरी सांगायचे. कधी कुरियरवाल्यालाही क्लायंट करून टाकायचे.

सरांनीच एका विमा सल्लागाराचा नंबर दिला. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सत्तरीकडं झुकलेले गृहस्थ. मूळचे धारवाडचे, घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि विम्याबद्दल बोलायला लागले की दोन्ही. ते जिने चढून आले, थोडा वेळ दम घेत बसले आणि मग त्यांनी मला शाळेत शिकवतात तसं शिकवलं.

त्यांनी सांगितलेलं मला पहिल्यांदा उलटंच वाटलं. मला वाटत होतं, ज्या वर्षी घर बांधलं त्या वर्षीचा विमा त्या घराला पुरतो. ते म्हणाले, तसं नाही. तक्रार ज्या वर्षी येते, त्या वर्षी पॉलिसी चालू पाहिजे. घर आज बांधाल, तडा चार-पाच वर्षांनी जाईल, तेव्हा तुमची पॉलिसी बंद असेल तर आजचा कागद काही कामाचा नाही. म्हणून एकदा सुरू केलं की दर वर्षी न चुकता चालू ठेवायचं, मधलं एखादं वर्षही सोडायचं नाही. मी विचारलं, आणि कधीतरी काम बंद केलं तर? ते म्हणाले, "तरी घरं उभीच असतात की, मॅडम. ती रिटायर होत नाहीत."

मग त्यांनी पॉलिसीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. इतका वेळ ते गप्पा मारल्यासारखं बोलत होते, आता त्यांनी आवाज खाली आणला. तक्रार आली, किंवा येईल असं नुसतं वाटलं, तरी पहिला फोन त्यांना करायचा. क्लायंटशी त्या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. चूक झाली म्हणायचं नाही, दुरुस्त करून देते म्हणायचं नाही.

"आणि सॉरी?" मी विचारलं.

"सॉरी तर मुळीच नाही," ते म्हणाले. "सॉरी म्हणजे कबुली. तुम्ही कबूल केलंत की कंपनी म्हणणार, मग आम्ही लढायचं कशाला?"

मला ती अट तेव्हा गमतीची वाटली. मी सही केली. ते गेल्यावर खिडकीशी उभी राहिले आणि मला बरं वाटलं, पाठीशी कुणीतरी आहे असं.

माझं स्वतःचं पहिलं घर विद्यानगरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवलं. यजमान सरकारी नोकरीत होते, ते वारले. मुलगा बेंगळुरूला. विद्यानगरात त्यांचा एक छोटा प्लॉट यजमानांच्या वेळेपासून नुसता पडून होता, आणि भाड्याच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर अक्कांच्या मनात आलं की आता स्वतःचं घर बांधायचं. मुलगा म्हणत होता, या वयात कशाला, माझ्याकडं चल. अक्का मला म्हणाल्या, "त्याच्या घरात मी पाहुणी. मला माझ्या घरात मरायचंय. आणि त्याआधी थोडं राहायचंय."

त्यांना काय हवं ते त्यांनी फार नेमकं सांगितलं. सकाळचं ऊन बिछान्यावर यावं. स्वयंपाक करताना फाटकातून कोण येतंय ते दिसावं. आंघोळीच्या खोलीत पाय घसरू नये. बाकी तुझं तू बघ. माझ्याकडं दुसरं मोठं काम नव्हतं, त्यामुळं मी त्या घराचा प्लॅन पुन्हा पुन्हा काढत राहिले. दुपारी त्यांच्या भाड्याच्या घरी जायचं, जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा, त्यांनी चहा करायचा. कागदावर बोट फिरवत त्या घरातून चालून बघायच्या. इथून उठले, इथं आले, इथं दिवा लावला. कधी मध्येच थांबून म्हणायच्या, "हे दार मला आडवं येतंय बघ." आणि खरोखरच ते येत असायचं. मग त्या कणीक मळायला घ्यायच्या आणि मी जेवूनच निघायचे. घरी जाऊन आईला फोनवर सांगताना त्या दिवशी काही रचावं लागायचं नाही.

बांधकाम सुरू झालं तेव्हा त्या रोज साइटवर खुर्ची टाकून बसायच्या. मेस्त्रीनं पहिल्या दिवशी त्यांना कन्नडमध्ये विचारलं, या मॅडम कोण. आर्किटेक्ट म्हणजे कोण हे समजावून सांगण्याऐवजी त्या म्हणाल्या, "नम्म मगळु." आमची मुलगी. मेस्त्रीनं मान डोलावली आणि त्यानंतर माझं सगळं ऐकलं. त्या दिवशी घरी परत येताना बसमध्ये तो शब्द मी कितीतरी वेळ मनात धरून ठेवला होता.

जमीन काळी होती, इकडं बहुतेक ठिकाणी असते तशी. पाणी मिळालं की फुगणारी, उन्हात भेगाळणारी. अशा मातीवर घर बांधताना पाया खोल नेतात आणि पाणी भिंतीपासून लांब ठेवतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पायाचं डिझाइन दिलं होतं. सांडपाण्याची लाइन आणि तिचं चेंबर मी ड्रॉइंगमध्ये मागच्या भिंतीपासून दूर, कुंपणाला लागून दाखवलं होतं.

वास्तुशांतीला अक्कांनी मला आपल्या शेजारी बसवलं. होळगी, म्हणजे इकडची पुरणपोळी, वाढताना मुलाला म्हणाल्या, हिनं बांधलं घर. तो मला हात जोडून म्हणाला, आईबद्दलची माझी काळजी आता थोडी कमी झाली. मला तो माणूस आवडला होता. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं त्याच्याबद्दल मी बरेच महिने वाईट विचार केले.

घराला दुसरा पावसाळा आला आणि श्रावणाच्या सुमाराला अक्कांचा फोन आला. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला एक रेघ आलीय, वेळ मिळाला की बघून जा. मी त्याच दुपारी गेले. खिडकीच्या कोपऱ्यातून खाली जाणारी तिरपी रेघ. प्लास्टर सुकताना अशा रेघा येतात, पण ही मला बरी दिसली नाही. भिंत हलतेय की थांबलीय हे बघण्यासाठी आम्ही तड्यावर काचेची बारीक पट्टी सिमेंटनं चिकटवतो. भिंत हलली तर काच तुटते. अक्कांनी शिडी धरली, मी पट्टी लावली. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "मी रोज बघत जाईन. शाळेत मुलांचे पेपर बघायची तसं."

काही आठवड्यांनी त्यांचा पुन्हा फोन आला. त्या फक्त म्हणाल्या, "काच तुटली गं."

मी चपला घालायला उठले. दाराशी गेले आणि तिथंच थांबले. सल्लागारांचं ते वाक्य मला आठवलं. येईल असं नुसतं वाटलं तरी. मी परत खुर्चीवर बसले आणि त्यांना फोन केला.

ते शांतपणे म्हणाले, बरं केलंत. कंपनीला लगेच कळवू. आता त्या घरी जाऊ नका.

मी म्हटलं, त्या एकट्या आहेत, घाबरल्या असतील.

ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाल, भिंत बघाल, आणि तुमच्या तोंडातून काहीतरी निघेल. तुम्ही दगड नाही. म्हणून सांगतो, जाऊ नका."

मी गेले नाही. संध्याकाळी अक्कांचा फोन आला, तोवर विमा कंपनीच्या वकिलांनी मला फोन करून काय म्हणायचं ते सांगितलं होतं. ते वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं. तुमचं म्हणणं मी संबंधितांना कळवलंय, ते तुम्हाला संपर्क करतील. मग त्यांनी विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी मला फोन केला नाही. केला तो मुलानं, बेंगळुरूहून. तो चिडलेला होता आणि त्याचं बरोबरच होतं. आई त्या स्वयंपाकघरात जायला घाबरतेय, एवढंच त्याला माहीत होतं. मी त्यालाही तेच वाक्य म्हटलं. तो म्हणाला, हे तुम्ही बोलताय की तुमच्याकडून कुणी बोलवून घेतंय? पंधरवड्यानं अक्कांच्या वकिलाची नोटीस आली.

पुढचे महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण त्यांत काही घडतच नव्हतं. कंपनीचे कागद येत होते, मी ड्रॉइंग पाठवत होते, साइटच्या भेटींच्या नोंदी पाठवत होते. सल्लागार अधूनमधून फोन करून सांगायचे, चालू आहे. हुबळी-धारवाड म्हटलं तर मोठं आहे आणि म्हटलं तर आमच्या धंद्यापुरतं एका गल्लीएवढं. कुणीतरी कुणाला सांगितलं असणार. दोन जण, ज्यांचं काम जवळजवळ ठरलं होतं, ते नंतर बोलू म्हणाले. मी त्यांना काय सांगणार? माझी बाजू सांगायची तर त्या घराबद्दल बोलावं लागलं असतं.

एका रविवारी धारवाडला सरांच्या घरी गेले. नुसतं कुणासमोर तरी बसावं असं वाटत होतं. मी सुरुवात करणार तेवढ्यात सरांनी हात वर केला. "मला सांगू नकोस," ते म्हणाले. "उद्या मला कुणी विचारलं तर मला काही माहीत नाही असं म्हणता आलं पाहिजे. ते तुझ्याच भल्याचं आहे." मग त्यांनी मुलांची, पावसाची, कुठल्या नव्या इमारतीची गोष्ट काढली. त्यांच्या बायकोनं थालीपीठ केलं. मी ते खाल्लं. सरांचं म्हणणं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं. परत येताना उणकलच्या तलावापाशी उतरले, बांधावर जाऊन बसले. तिथं माणसं घोळक्यानं आलेली, पोरं कागदात बांधलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होती. आईचा फोन आला. आज कोण आलं होतं का, तिनं विचारलं. तिलाही मी केसबद्दल सांगितलं नव्हतं. ती भावाला सांगेल, भाऊ कुणाला तरी सांगेल. मी म्हटलं, रविवार आहे आई, रविवारी कोण येणार.

त्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त कशाचा त्रास झाला, तर आठवणी बदलण्याचा. अक्कांच्या टेबलावरच्या त्या दुपारी मी पुन्हा पुन्हा तपासायला लागले. तेव्हा मी त्यांना काय म्हटलं होतं? घराला काही होणार नाही, असं म्हटलं होतं का? नोटिशीत लिहिलं होतं की आर्किटेक्टनं वारंवार खात्री दिली होती. दिलीही असेल. चहा पिताना माणूस काय काय म्हणतो. आता त्या चहाचंही कलम झालं होतं.

शेवटी कंपनीनं सर्व्हेअर आणि एक माती-तज्ज्ञ पाठवायचं ठरवलं. त्या दिवशी मला हजर राहायला सांगितलं होतं. इतक्या महिन्यांनी मी त्या फाटकातून आत गेले. कंपनीचे वकील माझ्याबरोबर होते, अक्कांचे वकील आधीच येऊन बसले होते. अक्का बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होत्या. बारीक झाल्या होत्या. माझ्याकडं बघून त्या उठायला लागल्या, मग बसल्या.

माणसं मागच्या बाजूला खणायला गेली. आम्ही चौघं त्या खोलीत. पंखा फिरत होता. सकाळचं ऊन आतल्या खोलीत त्यांच्या बिछान्यावर पडलेलं मला दारातून दिसत होतं, कागदावर दाखवलं होतं तस्संच. मी तिकडं बघत राहिले. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "चहा घेतीस?"

मी कंपनीच्या वकिलांकडं बघितलं. ते काही म्हणाले नाहीत. त्यांना काही म्हणायचं कारणही नव्हतं, चहाला पॉलिसीत बंदी नाही. पण चहा घेतला असता तर मी रडले असते, आणि रडण्याला कुठला वकील काय म्हणेल हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नको."

अक्कांनी मान हलवली आणि भिंतीकडं बघत बसल्या. त्या सगळ्या प्रकरणातला तो एक शब्द मला अजून टोचतो.

मागं खणल्यावर कारण सापडलं. सांडपाण्याच्या पाइपचा जोड जमिनीखाली निखळला होता आणि पाणी पायाशी मुरत होतं. चेंबर कुंपणाजवळ नव्हतं, भिंतीच्या फार जवळ बांधलेलं होतं. कॉन्ट्रॅक्टरनं पाइप वाचवायला ते अलीकडं घेतलं, माझ्या दोन भेटींच्या मधल्या काळात, आणि मी पुढच्या वेळी गेले तेव्हा वर माती टाकून झाली होती. चेंबरचं झाकण पुढं फरसबंदीच्या वेळी मला दिसायला हवं होतं, असं तज्ज्ञानं लिहिलं. पायाच्या डिझाइनमध्ये दोष नाही, देखरेख अपुरी, असा निष्कर्ष निघाला. मी तो अहवाल ऑफिसात एकटीनं वाचला. त्यात मला अन्याय झाला असं वाटलं नाही आणि सुटले असंही वाटलं नाही.

कंपनीनं अक्कांच्या वकिलांशी तडजोड केली. कॉन्ट्रॅक्टरनं त्याचा वाटा उचलला. पाइप बदलला, पायाखालची माती ठीक केली, भिंत दुरुस्त झाली. ते काम दुसऱ्या इंजिनिअरनं केलं, तशीच मुलाची अट होती. हे सगळं माझ्या अंगावर आलं असतं तर चष्म्याच्या दुकानावरची ती खोली मला तेव्हाच सोडावी लागली असती, पुढं कुठंतरी पुन्हा नोकरी. विम्यानं मला वाचवलं, यात मला शंका नाही. कुणी नवीन आर्किटेक्ट विचारायला आला तर मी आजही त्याला पहिलं हेच सांगते, पाटी लावायच्या आधी हे कर.

फाइल बंद झाल्याचं सांगायला सल्लागार स्वतः आले. पुन्हा ते जिने चढून. पाणी प्यायले आणि म्हणाले, "झालं. आता काय बोलायचं ते बोला."

मी त्यांना विचारलं, आता काय बोलू?

त्यांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ते पॉलिसीत नसतं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विद्यानगरात गेले. फाटक उघडलं तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत अक्का दिसल्या, म्हणजे त्यांनाही मी दिसले असणार. मी दाराशी पोचायच्या आत दार उघडं होतं. त्या म्हणाल्या, ये. मी बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं नाही, सरळ चहा ठेवला.

मी मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं काही आलं नाही. मी म्हटलं, "अक्का, मला बोलायला बंदी होती. विम्याची अट असते. मी आले असते तर विमा गेला असता."

कप हातात धरून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मलाही होती," त्या म्हणाल्या. "आमच्या वकिलांनी सांगितलेलं, तिच्याशी बोलायचं नाही, फोन उचलायचा नाही. तू केलास तर काय करू, म्हणून मी फोन आतल्या खोलीत ठेवायची."

"मी केलाच नाही," मी म्हटलं.

"होय. नाही केलास."

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "भिंतीचं मला काही नव्हतं बघ. भिंत काय, दगडमातीची. मला वाटायचं, हिला कुणी सांगितलं असेल तरी ही एकदा येऊन जाईल. मागच्या दारानं का होईना." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. गणितातली एखादी पायरी सुटली तर ती दाखवावी तसं म्हटलं.

मग मी सॉरी म्हटलं. इतके महिने ज्याची भीती होती तो शब्द अगदी लहान निघाला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, लगेच काढून घेतला, आणि बिस्किटं आणायला उठल्या. त्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांबवलं नाही. मीही थांबले नाही.

त्यानंतर मी मधूनमधून जात राहिले. आमचं बोलणं चांगलं व्हायचं, पण सांभाळून. दोघींनाही एकमेकींना न दुखवण्याची सवय लागली होती. त्या मला कामाबद्दल विचारायच्या, मी त्यांना गुडघ्याबद्दल. पुढच्या वर्षी मुलगा येऊन त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. त्या स्वतःच तयार झाल्या, म्हणाल्या, एकटं राहायचा आता कंटाळा आला. तडा गेला नसता तर त्या तिथंच राहिल्या असत्या का, हे मी त्यांना विचारलं नाही. निघायच्या आधी एकदा फोनवर म्हणाल्या, घर भाड्यानं दिलंय, कॉलेजात शिकवणारं जोडपं आहे, चांगली माणसं आहेत.

काही महिन्यांनी एका अनोळखी बाईचा फोन आला. ती त्या घरातली भाडेकरू होती. घरात रांगणारं बाळ होतं आणि बाहेरच्या ओट्याला तिला जाळी बसवायची होती. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्या घराच्या आर्किटेक्टला विचारा, तिनं सांगितल्याशिवाय काही लावू नका, म्हणून तिनं मला फोन केला होता. अक्कांनी तिला माझा नंबर तोंडपाठ सांगितला होता.

मी गेले. टेप लावून ओट्याची मापं घेतली. बाळ माझ्या टेपच्या मागं रांगत होतं. बाई बोलकी होती. म्हणाली, घर छान आहे, सकाळी इतकं ऊन येतं. मग आत नेऊन तिनं स्वयंपाकघराची मागची भिंत दाखवली. इथला रंग जरा वेगळा का दिसतो, तिनं सहज विचारलं.

"तिथं तडा गेला होता," मी म्हटलं. "खाली पाइप फुटला होता, मातीत पाणी शिरलं. चेंबर चुकीच्या जागी बांधलं गेलं आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. आता सगळं दुरुस्त आहे. तरी पावसाळ्यात मागं पाणी साचताना दिसलं तर मला लगेच कळवा."

मी एवढं सगळं का सांगतेय हे तिला कळलं नसावं. ती हो हो म्हणाली, बाळाला कडेवर घेतलं आणि विचारलं, जाळी काळी बरी दिसेल की पांढरी.

मी म्हटलं, पांढरी.